मंगळवारचे केस

"भाभी, केस लई उडतात. कंगव्याला चिकटून वर येतात. काय करावं?"

रुकसानानं बांगड्यांचा डबा बाजूला सारला. "तुझे?"

"आत्याबाईंचे."

"सासू एका जागी बसंना, तिचे केस कसे बसतील गं?" रुकसाना हसली. पण लाकडी कंगवा काढून दिला. "ह्यो ने. न्हाताना शेवटच्या पाण्यात खोबरेलाचे थेंब टाक. प्लॅस्टिक आन् नायलॉन लांब ठेव. ते जवळ आलं, की चढले केस."

शिवकन्येनं कंगवा कनवटीला लावला.

तिच्या सासूच्या, साखराबाईंच्या डोक्याला मंगळवारी तेल लागत नसे. देवीला चालत नाही, म्हणायच्या. न्हाऊन, केस मोकळे सोडून, नायलॉनची साडी नेसून पाटावर बसल्या, की डोक्यावरचा पदर सरकन ओढायच्या. केस तडतडत उभे राहायचे. मग देवी बोलायची, आणि बहुतेक चेअरमनच्या बाजूनंच बोलायची. दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव हे साखराबाईंचे मालक, हा आपला योगायोग.

दुष्काळात हवा कोरडी, त्यामुळे देवीला आणखी जोर. जनावरं छावणीला गेली, विहिरी आटल्या. सुंदररावांच्या घरचं दूध तेवढं आटलं नाही.

गेल्या पौषात सोसायटीच्या दुधात पाणी निघालं. माप घेणारा राधाकिशन म्हणाला, "कुणाच्या कॅनमधलं, ते मी सांगतो." त्याच्याआधी देवीनं सांगून टाकलं. चोर राधाकिशनच. माप हातातून गेलं, उतारवयात कोयता आला, आणि तो माजलगावकडं ऊस तोडायला गेला.

शिवकन्या राधाकिशनची लेक. गावातलीच सोयरीक. बाप ऊसतोडीला निघाला त्या दिवशी ती सासरच्या चुलीपुढं भाकरी थापत होती.

आता नवा चेअरमन निवडायचा होता. मंगळवारी देवी नाव सांगणार होती.

त्या सकाळी शिवकन्येनं सासूला न्हाऊ घातलं. शिकेकाईच्या वासात खोबरेल दडून गेलं.

"कंगवा कुठं हाय?"

"तो मोडला, आत्याबाई. ह्यो घ्या."

"लाकडी? आन् माझी साडी?"

"वाळंना अजून. सुती नेसा."

"ह्या वाऱ्यात वाळंना?" साखराबाईंनी सुनेकडं रोखून पाहिलं. "बापावर गेलीस. एक काम धड न्हाई."

"व्हय," शिवकन्या म्हणाली.

बाहेर संबळ सुरू झाला होता. सगळे सभासद अंगणात येऊन बसले होते. साखराबाईंना थांबता येईना.

त्या पाटावर घुमू लागल्या. पदर ओढला. केस मानेवर चापून बसलेले. पुन्हा पदर घेतला, पुन्हा ओढला. संबळवाल्याचे हात भरून आले.

"देवीबी छावणीला गेली का काय?" मागून त्रिंबक म्हणाला. बायका पदराआड हसल्या. सुंदरराव जमिनीकडं बघत राहिले.

तेवढ्यात आरतीचं ताट घेऊन शिवकन्या बाहेर आली. अंगावर सासूची नायलॉनची साडी, खडखडीत वाळलेली; केस बिनतेलाचे, मोकळे. उंबऱ्याशी तिनं ताट खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सरकन ओढला.

केस तडतडत उभे राहिले.

संबळाला जोर चढला. माणसं हात जोडून उठली. सुंदररावांनी टोपी काढली. सुनेच्या कमरेला खोचलेला प्लॅस्टिकचा कंगवा साखराबाईंना दिसला. अखंड होता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, भोवतीचे जोडलेले हात पाहिले आणि मिटलं. मग त्याही वाकल्या.

शिवकन्येनं सासूच्या डोक्यावर हात ठेवला.

"साखरे," देवी म्हणाली, "दुधात पाणी कुणी घातलं, ते सांग."