तिने मागवलेला कॅमशाफ्ट

तेलकट कागदात गुंडाळलेला इंजिनाचा नवा कॅमशाफ्ट टूलबॉक्सच्या तळाशी तसाच पडून होता. दिनकरआप्पांचं स्टॉपवॉच सकाळीच पडून फुटलं होतं, म्हणून एरवी त्यावरच नजर ठेवणारे ते आज नाइलाजाने लेकीकडेच बघत होते.

मातीचा तो ट्रॅक म्हणजे नुसती वळणंच. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना रेवाची मोटारसायकल घुटमळायची आणि तेवढ्यात इतर जणी पुढे सटकायच्या. सरळ पट्ट्यावर इंजिन किंचाळत त्यांना गाठायचं, तोवर पुढचं वळण यायचं. ती पाय रोवून, अंगाचा जोर लावून गाडी ओढत होती.

गेल्या महिन्यात तिनेच तो कमी वेगात जोर देणारा साधा कॅम मागवला होता. "आप्पा, मला टॉप स्पीड नको. वळणातून उठताना ताकद पाहिजे."

"इंजिनातलं मला शिकवतेस होय गं?" म्हणत आप्पांनी वरच्या वेगात जोर देणारा कॅम बसवला होता. तरुणपणी हायवेवर त्यांनी तसल्याच कॅमवर भल्याभल्यांना मागे टाकलं होतं.

रेवा चौथी आली. हेल्मेट काढून ती घटाघटा पाणी प्यायली.

"चुकलंच माझं, पोरी," आप्पा म्हणाले. "वळणात किती झगडतेस तू! आज दिसलं मला."

"आज?" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "प्रत्येक शर्यतीला तुम्ही इथंच तर उभे असता, आप्पा."

मग वाकून तिने टूलबॉक्समधून ते पुडकं काढलं. आप्पांनी घाईघाईने पाना उचलला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "बसवेन माझं मी."