नॅचरल ग्रेन

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या घरी, गराजमध्ये, माझे होणारे सासरे संजीवकाका स्वतः बनवलेलं वॉलनटचं, म्हणजे अक्रोडाच्या लाकडाचं, डायनिंग टेबल दाखवत होते. चार व्हिडिओ बघून सुतार झालेला माणूस जितकं बोलतो, तितकं सगळं बोलून झालं. मग त्यांनी चिंधीनं तेलाचा हात फिरवला. फिकट लाकूड बघता बघता गडद झालं आणि आतल्या रेषा वर आल्या.

"बघ इला, याला म्हणतात नॅचरल ग्रेन! शेजारच्या गाढवानं असलंच टेबल पांढरं पेंट केलंय. अरे, वरून रंग फासणं हा लाकडाचा अपमान आहे! जितकं गडद, तितकं रिच. यावर सोनं ठेवलं ना, तर काय उठून दिसेल!"

मी मनापासून मान डोलावली. मूर्ख मी.

चिंधीला हात पुसत काका अगदी सहज म्हणाले, "आणि हो, तुझ्या काकूनं लग्नाच्या मेकअपवालीशी बोलून ठेवलंय. तुला दोन शेड लाइट करेल ती. फोटोत नकुलच्या शेजारी बरं दिसायला हवं ना."

मी नकुलकडे पाहिलं. माझा होणारा नवरा खाली वाकून, जन्मात लाकूड न पाहिल्यासारखा, त्या टेबलाचा ग्रेन निरखत होता.



मी साखरपुड्याची अंगठी काढून ओल्या तेलावर ठेवली. काकांचं तेवढं मात्र खरं निघालं, गडद लाकडावर सोनं काय उठून दिसतं!