उतारावरचे हात

फोटोच्या आधी

अकेयोने सकाळी पेजेचा दुसरा वाडगा मागून घेतला, तेव्हा जाऊ हसली.

"आज पोटाला सुट्टी नाही वाटतं?"

"आज जायला जागा आहे," अकेयो म्हणाली.

नाहीतर ती दिवसभर खाणंपिणं टाळून कोरडीच राहायची. पोलिओने पाय लहानपणीच गेलेले. टायरच्या चपला हातांत घालून, अंग ओढत परसाकडेला उसापर्यंत जायचं; म्हणजे उजाडायच्या आत जायचं, आणि एकदाच.

आता घरामागे संडास उभा होता. पायऱ्या नाहीत, उतार. आत सिमेंटची बैठक, दोन्ही अंगांना लाकडी दांडे, तिचे हात पोचतील इतके खाली. उतार ओला असतानाच ओकुमूने, गावच्या आरोग्यसेवकाने, तिला चपला काढून वर चढायला लावलं होतं. "रुंदी पुरते का सांग." पुरत होती. पंजांचे ठसे उमटले. गवंडी ते लिंपायला वाकला, तर ओकुमू म्हणाला, "राहू दे की. मालकीण कोण ते कळेल."

अंगणात गाव जमलं होतं. फडक्याखाली पाटी झाकलेली. मुखियाने सांगून टाकलं, आजपासून उसात बसलेला जो सापडेल त्याची एक कोंबडी जाणार.

"मग तुझाच खुराडा आधी रिकामा होईल," मागून एक म्हातारी म्हणाली. हशा झाला. अकेयोही हसली.

संडासाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या, नैरोबीहून आलेल्या मुथेउ मॅडमनी कॅमेऱ्याची पट्टी गळ्यात अडकवली. "उद्घाटन घरातल्या ज्येष्ठांनी करावं. मान त्यांचाच."

हशा थांबला.

सासरा जिथे बसला तिथे सून बसत नाही. बसली तर त्या घरात लेकरू जगत नाही. हे इथे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. मॅडम बाहेरच्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अकेयोने ओकुमूकडे पाहिलं. ओकुमूने मुखियाकडे. मुखियाने फडक्याकडे.

"मॅडम, दार उघडलं की झालं," ओकुमू म्हणाला. "आत कशाला?"

"छे, आत बसलेलेच हवेत. हे कुणासाठी बांधलंय ते दिसायला नको का?"

ओकुमूने घसा साफ केला. मग कुणाकडेच न बघता, घरच्या बोलीत म्हणाला, "फोटोपुरतं. कपड्यांनिशी. ते काय बसणं नव्हे."

अकेयोचा सासरा ओगोला याने कोटाचं बटण लावलं, काठी उचलली आणि उतार चढायला लागला.

फोटो

दार उघडं. म्हातारा ताठ बसलेला, हॅट गुडघ्यावर. बाजूला मॅडम, कॅमेरा ड्रायव्हरकडे दिलेला; त्यांच्याशेजारी ओकुमू. उतारावर दोन पंजे.

अकेयो यात नाही. मॅडमनी तिला दोनदा बोलावलं होतं.

फोटोनंतर

"झालं, या आता बाहेर," ओकुमू घाईने म्हणाला.

म्हातारा उठला नाही. त्याने एक दांडा दाबून पाहिला. मग दुसरा. जन्मभर उकिडवं बसून झिजलेले गुडघे त्याने हळूच चोळले.

"दार लावा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. मग त्यानेच काठीच्या मुठीने दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बघता बघता सगळ्यांनीच वाजवल्या. मुखियाने फडकं ओढलं. या गावात कुणीही उघड्यावर जात नाही, असं पाटीवर होतं. अक्षरं निळी, ठळक.

ओकुमू अकेयोजवळ येऊन टेकला.

"दुसरा मागू आपण."

"एका घराला एकच, तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

"मग या घराला मिळाला."

तो नखाखालचं सिमेंट कोरत राहिला. "सगळे उभे होते गं. मुखिया, मॅडम. कसं बोलणार?"

"हो," अकेयो म्हणाली. "सगळे उभे होते."

पाहुण्यांच्या हातांवर पाणी घातलं जात होतं. कोंबडीच्या रश्श्याचा वास आला. नवरा तळ्यावर मासेमारीला गेलेला; पण असता तरी त्यानेही टाळ्याच वाजवल्या असत्या, हे तिला ठाऊक होतं. बाप होता तो त्याचा.

पेज आता पोटात थांबेना. डोक्यावर लख्ख ऊन. ऊस त्या पाटीच्या पलीकडे, आणि पाटीखाली अजून लोक उभे.

तिने हातांत चपला चढवल्या.

घरामागून वळसा घेताना संडासाचं दार उघडलं. ओगोला बाहेर आला. सुनेशी बोलायचं असलं की तो नेहमीच आंब्याच्या झाडाकडे बघून, तिचं नाव न घेता माहेरच्या गावाच्या नावाने बोलायचा, तसाच आताही बोलला. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. बऱ्याच दिवसांनी सुखाने बसून आलेल्या माणसाचा आवाज होता.

"उगेन्याच्या लेकीला सांगा," तो झाडाला म्हणाला आणि काठीचं टोक उतारावरच्या तिच्या उजव्या पंजाच्या ठशात रोवून एक पाऊल खाली उतरला. "हात चांगले खोल उमटलेत. काठी घसरत नाही."