दोन्ही सारखी

सणसरची सोनल बारामतीच्या कॉलेजात बसून संगणकाच्या सी भाषेसाठी 'लायब्ररी' लिहायची. म्हणजे रोज लागणारी बारीकसारीक कामं एकदाच नीट लिहून ठेवायची आणि जगात कुणालाही फुकट वापरू द्यायची. ९८ साली तिच्या वाट्याला दोन शब्द ताडून बघायचं काम आलं होतं.

"दोन्ही शब्द सारखे निघाले की उत्तर शून्य," तिनं वडलांना सांगितलं.

तात्या हसले. "सारखं असून शून्य? ही कसली गं तुझी लायब्ररी?"

"ती फरक मोजती, तात्या. फरकच न्हाय म्हटल्यावर शून्यच की."

ते काम बघून पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरीला बोलावलं. त्याच आठवड्यात धाकट्या लखननं पुण्यातल्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं दोघांतल्या एकाला घरी थांबणं भाग होतं.

तात्यांनी सोनलच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला ल्योक आन लेक दोन्ही सारखीच हायत, बाळा. पर तू शहाणी हायस. तू समजून घेशील."

सोमवारच्या एसटीनं लखन गेला. त्याच्या भाकरी सोनलनंच बांधून दिल्या.

महिन्याभरानं त्याचं पत्र आलं.

 

"तायडे, दोन्ही सारखी असली की उत्तर शून्य का येतं, ते सरांना विचारायची लाज वाटती. तेवढं कळव."