पॅनलवरच्या गोधड्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटे सुटतात आणि आमचं चर्च काठालाच आहे. छपरावर नवे सोलर पॅनल. चर्चची मंडळी मोजकीच, विजेचं बिल वाचलं तरच चर्च पुढं चालणार. म्हणून घरोघरच्या गोधड्या आणून आम्ही पॅनल झाकले. संध्याकाळी खेळ संपल्यावर वर चढून पाहिलं. एकही गोटा आला नव्हता. सकाळी गोधड्या काढायला पुन्हा चढलो. मधल्या गोधडीवर मुठीएवढा दगड होता. रात्री कुणी गोटमार खेळत नाही. खालच्या रस्त्यानं ओळखीचीच माणसं कामाला चालली होती. "भाऊ, फुटलं का काही?" खाली शिडी धरून मंडळीतल्या एस्तरबाईनं विचारलं. "नाही." "मंग काढा ना. ऊन वाया जाऊन राहिलं." रस्त्यावरून एकानं हात हलवला. मीही हलवला. दगड खिशात टाकला. "बाई, रोज रात्री झाकायला घरी अजून गोधड्या आहेत का?"