ताबा
बालकल्याण कार्यालयात वडील मारे छाती काढून बसले होते. सावत्र आई घरात आल्यावर लेक मावशीकडे निघून गेली, तेव्हापासून वर्षभर त्यांनी साधा फोन केला नव्हता. आता बायको बाळंत होणार, घरात फुकट राबणारं माणूस हवं, म्हणून बापाचं काळीज जागं झालं होतं. “सोळाच वर्षांची आहे. कायद्यानं माझ्याच ताब्यात हवी,” ते गरजले. “कायदा तिचंही ऐकतो,” अधिकारी बाई म्हणाल्या, “आधी हा अर्ज भरा.” वडिलांनी ऐटीत पेन उघडलं, नाव झरझर लिहिलं. लेकीच्या जन्मतारखेशी पेन अडलं, इयत्तेशी अडलं, रक्तगटापाशी बसलंच. शेवटी मावशीशेजारी बसलेल्या लेकीला हळूच विचारलं, “तारीख काय गं तुझी?” तिला वाटलं होतं, रडू येईल, आलं हसू. “मावशीला विचारा,” ती म्हणाली, “तिला पाठ आहे.” बाईंनी खुर्ची लेकीकडे वळवली. “आता तू सांग.”