अंबूताईंची पाठ

दोरी अंबूताईंच्या हातात आली होती, पण ओढायची नव्हती. संजीवबुवांचं बोलणं अजून संपायचं होतं. कीर्तन असो की चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन, बुवांचा पूर्वरंग लांबायचाच.

धारवाडच्या त्या छोट्याशा कलादालनात भिंतीभर पाठीच पाठी टांगल्या होत्या. सुधींद्र माणसांची चित्रं काढायचा, पण मागून. धारवाडजवळच्याच बेलूरच्या कारखान्यातली नोकरी. तिथून सुटून हुबळीला, कमरीपेठेतल्या राममंदिरात पोचेपर्यंत बुवांचं नमन होऊन गेलेलं असायचं. मग चपलांशेजारी जी जागा मिळेल ती आणि मांडीवर कागद. तिथून दिसणार काय? टोपीखालची वाळकी मान, ओल्या अंबाड्यानं भिजलेला पदर, शर्टाआडून डोकावणारं जानवं. पण त्या पाठी अशा उतरायच्या की बघणाऱ्याला वाटावं, आता बुवा विठ्ठल म्हणतील आणि सगळ्या एकदम डोलतील. त्या बघायला बंगळूर-मुंबईची माणसं यायची. मंदिरातल्या मंडळींनी मात्र आपली पाठ आजच पहिल्यांदा बघितली होती आणि यातली आपली कुठली, ते शेजारणीला विचारणं चाललं होतं.

"ही माझी का गं?"

"तुझी कशी असेल, अक्का? तुझी दोन चित्रांत मिळून मावेल."

सगळ्यांत मोठं चित्र लाल कापडाखाली होतं. नाव 'श्रोते'. ते उघडायचा मान अंबूताईंचा. बायकांच्या पहिल्या ओळीत मधोमध त्यांची जागा. घरी पाहुणे असोत की अंगात ताप, कीर्तन चुकलं नाही.

अंबूताईंना या चित्रातून एकच गोष्ट हवी होती, आपल्या ताठ पाठीचा पुरावा. त्यांचे यजमान प्रभंजनराव कीर्तनात झोपतात, हे साऱ्या कमरीपेठेला ठाऊक होतं, कारण अंबूताईंनीच ते सांगितलं होतं. चपलांच्या अलीकडचा खांब गाठायचा, पाठ टेकायची, डोळे मिटायचे. उद्यापासून रामनवमीचा उत्सव. यंदा त्यांना पुरुषांच्या पहिल्या ओळीत, बुवांच्या अगदी चिपळ्यांखाली बसवायचं, असं अंबूताईंनी ठरवलं होतं. जन्मात कशाला नाही न म्हणणारे प्रभंजनराव या एका गोष्टीला मात्र हटून बसले. शेवटी सकाळी उणकलच्या घरून निघताना सौदा झाला.

"चित्रात बघा, श्रोता कसा बसतो ते," अंबूताई म्हणाल्या. "माझी पाठ तसूभर हललेली दिसली तर खांब तुमचा. नाहीतर उद्या पुढं. मुकाट्यानं."

"बरं," म्हणून प्रभंजनराव कालच्या कीर्तनातलं पद गुणगुणत चपला शोधायला लागले. ते पद यांच्या कानात झोपेतच शिरलं असणार, असं अंबूताईंनी मनाशी धरलं.

इकडे बुवा श्रवणभक्तीवर आले होते. नवविधा भक्तीत पहिली तीच. श्रोत्यानं कसं व्हावं, तर सगळ्या देहाचा कान करावा. अंबूताईंनी मान डोलावली. शेवटी मागून कुणीतरी "साकु री, बुवा, पुरे आता," म्हणालं, तेव्हा बुवा हसून थांबले आणि अंबूताईंनी दोरी ओढली.

पाठी. ओळीमागून ओळ. रामापुढच्या समया, त्यांच्या उजेडात बसलेलं सगळं देऊळ. आणि पहिल्या ओळीत मधोमध एक तोंड. मान पुरती मागं वळलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, भुवया चढलेल्या, ओठ आवळलेले. सगळं देऊळ रामाकडं बघतंय आणि ही एकटी चपलांकडं.

"अगंबाई," कुणीतरी म्हणालं. "अंबूअक्का."

पुढचा हशा बुवांनीच सुरू केला. "मी उभ्यानं सगळ्यांची तोंडं बघतो," ते डोळे पुसत म्हणाले. "अंबूताईंचा मात्र अंबाडाच बघत आलोय."

सुधींद्र हात जोडून पुढं आला. "रागावू नका, अक्का. तुमची पाठ काढायची म्हणून फार दिवस थांबलो. पेन्सिल उचलली की तुमचं तोंडच समोर. तुमची पाठ मला मिळालीच नाही."

अंबूताईंना तोंड लपवायला पदर पुरेना. आणि हे सगळं ज्यांच्यापायी, ते कुठं आहेत, म्हणून त्यांनी गर्रकन मागं वळून बघितलं. तीच मान, तोच चष्मा, त्याच भुवया. हशा दुप्पट झाला.

प्रभंजनराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले.

अंबूताई तरातरा त्यांच्यापाशी गेल्या. "उभ्यानंसुद्धा झोपता?"

"खांब माझा," प्रभंजनराव डोळे न उघडता म्हणाले.

"खांबाचं मग बघू. काल बुवांनी सुदाम्याला कुठवर आणून सोडलं, ते सांगा आधी."

"द्वारकेच्या वेशीपर्यंत. द्वारपाल आत सोडेना. तेवढ्यात बुवांना ठसका लागला, आवरतं घेऊन आरती केली. पोहे राहिले काखेतच."

अंबूताईंना ठसका काही आठवेना. तेव्हा त्या मागं बघत होत्या.

"म्हणजे जागे होता?" त्यांचा आवाज खाली आला. "मग इतकी वर्षं डोळे कशाला मिटता?"

प्रभंजनरावांनी एक डोळा किंचित उघडला.

"मिटल्याशिवाय तू वळतेस कुठं?"